प्रेमाबायच्या झाडाच्या काड्या

पान माझ्या हातात होतं आणि कामत सर माझ्या मागे उभे राहून फांद्या मोजत होते.

"एका फांदीचे चार तुकडे धरले तरी तीनशे रोपं सहज होतील," ते म्हणाले. "मॅडम, तुम्हाला काय वाटतं?"

मी पान उलटं केलं आणि खालच्या बाजूवर बोट फिरवलं. बोटाला तपकिरी पूड लागली. तो तांबेरा. त्याची मला फारशी काळजी नव्हती. मग त्याच फांदीच्या शेंड्याचं कोवळं पान तोडून उन्हासमोर धरलं. हिरव्या पानात फिकट पिवळे चट्टे होते. वेडेवाकडे, कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते न कळणारे. उलटं करून बोट फिरवलं. बोटाला काहीच लागलं नाही.

"सर, ह्या झाडाच्या काड्या घ्यायच्या नाहीत," मी म्हणाले.

सरांनी झाडाकडे हात केला. "लगडलंय बघा."

ते खरं होतं. सुर्ल्याच्या त्या अंगणात, जिथे पेरूच्या पानांवरही खाणीची लाल धूळ बसलेली असायची, तिथे हे अंजिराचं झाड फांदीफांदीला फळं धरून उभं होतं. गोव्याच्या पावसात अंजीर नीट होत नाही, असं मीच लोकांना सांगत आले होते.

मी वनस्पतींच्या रोगांचं शिक्षण घेतलेली. झाडांची डॉक्टर म्हणा. डिचोली आणि पेडणे तालुक्यांत काम करणाऱ्या एका संस्थेत मी टेक्निकल ऑफिसर होते. संस्थेचं नाव इथे देत नाही. खाणी बंद पडल्यावर ज्या घरांचे ट्रक दारात उभे राहिले, त्या घरांतल्या बायकांना परसबागेतून काहीतरी हाती लागावं, असं संस्थेचं काम होतं. कामत सर तिचे डायरेक्टर. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात 'अंगणातलं अंजीर' हा प्रोजेक्ट होता. प्रत्येक घरात एक रोप. रोपं बाहेरून आणायची नाहीत, गावातल्याच झाडापासून करायची. ह्या झाडाला आम्ही मदर प्लांट म्हणतो. फांदीचा वीतभर तुकडा कापायचा, मातीच्या पिशवीत खोचायचा, मुळं फुटली की रोप तयार. अंजिराला ते सोपं जातं. आई जशी तसं रोप. आईची गोडी येते, तसा आईचा रोगही येतो.

झाडाच्या मालकीणबाई प्रेमावती गावस. गावात सगळे प्रेमाबाय म्हणत. साठीच्या आसपासच्या, माहेर सावंतवाडीकडचं, बोलणं अजून तिकडचंच. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं होतं. सर गाडीकडे गेले तशा त्या माझ्याजवळ आल्या.

"बस गो बाय, च्या ठेवतंय. आणि माका सांग, रोग म्हणजे काय? झाड मरतला?"

"नाही, मरणार नाही," मी म्हणाले. "दोन रोग आहेत. एक तांबेरा. ती बुरशी आहे. पाण्यातून, दमट हवेतून वाढते. पान उलटं केलं की पूड दिसते. पडलेली पानं गोळा करून जाळायची, आतल्या गर्दीच्या फांद्या काढून वारा खेळू द्यायचा आणि पावसाच्या तोंडावर बोर्डो मारायचं. सुपारीवर मारतात ना, तेच."

"तां माका ठावक आसा. आणि दुसरो?"

"दुसरा विषाणूचा. मोझॅक म्हणतात. त्याला औषध नाही."

त्यांनी चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि खिडकीतून झाडाकडे पाहिलं. "माझ्या घोवान हाडल्यान ह्या झाड," त्या म्हणाल्या. "खाण बंद झाली तेव्हा दुसऱ्याचो ट्रक घेवन पुण्याकडे जायत. थयसून एक काडी हाडली. ओल्या गोणत्यात गुंडाळून, सीटच्या खाली. ते गेले त्या वर्सा पयली फळां लागली."

त्या फळं विकत नसत. वाड्यावरच्या प्रत्येक घरात ताटलीभर पाठवत. आजारी माणसाकडे आधी.

मी त्यांना म्हटलं, झाड ठेवा, फळं खा, वाटा, काही होत नाही. माणसाला हा विषाणू लागत नाही. फक्त काडी कुणाला देऊ नका. त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा आडमुठेपणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी टेक्निकल नोट लिहिली. झाडावर मोझॅकची लक्षणं आहेत, मदर प्लांट म्हणून घेऊ नये. दुसरा पर्यायही दिला. पेडण्यात शिरोडकर मास्तर म्हणून निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या विहिरीपाशी अंजिराचं जुनं झाड आहे. दोन पावसाळे मी ते पाहिलं होतं. तांबेरा यायचा, पण नवं पान स्वच्छ. त्या झाडापासून पहिल्या वर्षी साठ-सत्तर रोपं होतील, पुढच्या वर्षी जास्त.

आठवड्याभराने कामत सरांनी नोट वाचली. "साठ रोपांत काय करू मी? आणि पेडण्याचं झाड सुर्ल्यात कसं दाखवू? खाणीच्या गावातली बाई, नवऱ्याने आणलेलं झाड, तिच्या झाडापासून तीनशे घरांत अंजीर. ही गोष्ट आहे मॅडम. देणगीदारांना गोष्ट लागते."

"सर, रोग तीनशे घरांत जाईल."

"लॅब रिपोर्ट आहे?"

"नाही. गोव्याबाहेर सँपल पाठवावं लागेल. वेळ लागेल."

"म्हणजे नुसतं डोळ्यांनी बघून तुम्ही प्रोजेक्ट थांबवणार. पिवळे डाग खताच्या कमतरतेनेही येतात, हे तुम्हीच ट्रेनिंगमध्ये सांगता."

सांगत होते. पण कमतरतेचा पिवळेपणा शिरांच्या हिशोबाने येतो, पानापानावर सारखा. मोझॅक कसाही पसरतो, पान वाकडं करतो, एका फांदीवर दिसतो आणि शेजारच्या फांदीवर नाही. हे मी सरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि नोट माझ्याकडे परत सरकवली.

"असं लिहा. पानांवर डाग आढळले, योग्य उपचार केल्यास नियंत्रणात राहतील. हे खोटं आहे का?"

ते खोटं नव्हतं. तांबेऱ्याबद्दल ते अक्षर न् अक्षर खरं होतं. माझं कॉन्ट्रॅक्ट दर मार्चमध्ये रिन्यू व्हायचं आणि तेव्हा फेब्रुवारी सुरू होता. मी तसं लिहिलं आणि सही केली. पहिली नोट त्यांच्या टेबलाखालच्या कचऱ्याच्या टोपलीत गेली. तिची कॉपी मी ठेवली नाही.

मनाच्या समाधानासाठी मी एक केलं. चार पानं ओल्या कागदात गुंडाळून, स्वतःच्या नावाने, बाहेरच्या एका लॅबला पाठवली.

काड्या कापायला सुर्ल्याच्या बचत गटाच्या बायका आल्या. काम प्रेमाबायच्या अंगणातच चाललं. मी त्यांना काडी कशी कापायची ते दाखवलं. पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची, खालचा काप तिरका. प्रेमाबायने त्या दिवशी मला बाजूला घेतलं.

"गो बाय, तू म्हणालंस काडी देव नको. आणि आता?"

"सरांनी ठरवलंय," मी म्हणाले. "उपचार करून देणार आहोत."

"म्हणजे तो दुसरो रोग नाय?"

"तपासायला पाठवलंय."

त्यांचा चेहरा मोकळा झाला. डॉक्टर तपासायला पाठवतो म्हणजे बहुतेक काही नसतं, असं माणसाला वाटतं. त्यांनाही तसंच वाटलं असणार.

पुढचे तीन महिने त्या बाईने त्या पिशव्यांची जी काळजी घेतली तशी आमच्या नर्सरीतल्या माणसांनीही घेतली नसती. एप्रिलच्या उन्हात नारळाच्या झावळ्यांची सावली केली. विहिरीचं पाणी खाली गेलं तेव्हा भांडी विसळलेलं पाणी गाळून घातलं. गटाच्या बायका, ज्या एरवी तिच्या अंगणात फळांपुरत्या यायच्या, आता रोज यायला लागल्या. कोण पिशवीला नंबर घालतंय, कोण माती चाळतंय. नवरा गेल्यापासून आपल्या घरात इतकी माणसं आली नव्हती, असं ती मला म्हणाली.

मे महिन्यात रिपोर्ट आला. चारही पानांत मोझॅकचा विषाणू होता.

मी रिपोर्ट घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी तो उभ्याउभ्या वाचला.

"कोणी सांगितलं होतं पाठवायला?"

"मी पाठवला."

"ऑफिसचं पत्र नाही, मंजुरी नाही. हा आपला रिपोर्ट नाही." त्यांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला. "वाटप जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे. पाहुणे ठरलेत, बॅनर छापायला गेलेत. आणि मॅडम, झाड चालेल अशी सही तुमची आहे. माझी नाही."

माझ्याकडे रिपोर्टची मेलवर आलेली प्रत होती. मी ती छापून घेतली आणि सुर्ल्याला गेले. प्रेमाबायला सांगायचं, असं ठरवूनच गेले. तिने सांगितलं असतं तर गटाच्या बायकांनी रोपं दिली नसती. तेवढी तिची किंमत गावात होती.

ती रोपांना पाणी घालत होती. मला बघून हातातली बालदी खाली ठेवली आणि आत जाऊन नवीन ब्लाऊज घेऊन आली. समारंभासाठी शिवायला टाकला होता, नुकताच आला होता. सर म्हणाले होते की स्टेजवर पहिलं रोप तिच्याच हातून द्यायचं. "माका माईकवर बोलूक सांगतले काय गो?" तिने विचारलं. "मी खंय बोलतलंय. नुसती हात जोडतलंय."

रिपोर्ट माझ्या पर्समध्ये होता. मी म्हटलं, पाऊस जवळ आला, तांबेरा येईल, बोर्डो कसं करायचं ते परत एकदा दाखवते. प्लास्टिकच्या एका बादलीत पाच लिटर पाणी, त्यात शंभर ग्रॅम मोरचूद. दुसरीत पाच लिटर पाणी, शंभर ग्रॅम चुना. दोन्ही एकत्र करायचं. लोखंडाची सुरी बुडवून बघायची. सुरीवर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. त्याच दिवशी मारायचं, उघडीप बघून, पानाच्या खालून. तिला सगळं आधीच येत होतं. तरी तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मी चहा पिऊन परत आले.

समारंभ झाला. बॅनरवर तिचा आणि झाडाचा फोटो होता. तिने खरंच माईकवर काही न बोलता हात जोडले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुर्ला, मये, पेडण्यातली दोन गावं अशी रोपं गेली.

पाहुण्यांच्या यादीत शिरोडकर मास्तर होते. ती यादी मीच फेब्रुवारीत केली होती. रोप हातात घेऊन ते माझ्याकडे आले. "आमच्या म्हाताऱ्या झाडाला सोबत," म्हणाले. "कुठे लावू?"

"त्या झाडापासून लांब लावा," मी म्हणाले.

"का?"

माझ्या शेजारी कामत सर उभे होते. "ऊन मिळायला," मी म्हणाले.

पावसात अपेक्षेप्रमाणे तांबेरा आला. फोन यायला लागले, पानं गळतात, डाग पडलेत. जुलै-ऑगस्ट मी घरोघरी फिरले. हे काम मला येत होतं. गळलेली पानं उचलायला लावली, बोर्डो करून दाखवलं, बुंध्याशी पाणी साचू नये म्हणून चर काढून घेतले. ज्यांनी नीट केलं त्यांची रोपं वाचली. लोक खूश होते. मयेच्या एका बाईने मला जाताना गरम पोई, गव्हाच्या कोंड्याचे पाव, बांधून दिल्या. मी घरी येऊन त्या खाल्ल्या. तेव्हाही माझ्याकडे वेळ होता. रोपं लहान होती, उपटून जाळता आली असती. ते मला रोज कळत होतं.

ऑक्टोबरनंतर नवी पालवी आली. वाचलेल्या रोपांवर चट्टे उठले. पानं लहान, वाकडी, एका बाजूने आक्रसलेली. आता बोर्डो मारून काही होत नव्हतं. लोकांना ते समजेना. जुलैमध्ये जे औषध चाललं ते आता का चालत नाही? जास्त कडक करून मारलं तर? काहींनी तसं केलं आणि पानं करपली.

डिसेंबरच्या सुरुवातीला शिरोडकर मास्तरांचा फोन आला. एवढंच म्हणाले, "सवडीने येऊन जा."

त्यांनी मला विहिरीपाशी नेलं. जुन्या झाडाचा एक शेंडा खाली वाकवला. नव्या पानांवर तेच चट्टे. ह्या विषाणूला एक कोळी पसरवतो. डोळ्यांना न दिसणारा, कळीच्या आत राहणारा. एका झाडावरून दुसऱ्यावर तो वाऱ्यानेही जातो. गंधकाची फवारणी केली तर कोळी कमी होतो, पण एकदा शिरलेला विषाणू निघत नाही. नवं रोप दहा पावलांवर होतं. मास्तरांच्या परसात त्याहून लांब जागाच नव्हती. कोळी नक्की तिथूनच आला हे सिद्ध करता येणार नाही. पण इतकी वर्षं ते झाड स्वच्छ होतं आणि ते मी पाहिलं होतं.

मास्तरांनी शेंडा सोडून दिला. "तुम्ही लांब लावा म्हणाला होतात. ऊन मिळायला." त्यांनी परसाकडे हात केला. "माझ्या परसात ऊन सगळीकडे सारखंच आहे. मला तेव्हाच विचारायला हवं होतं."

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही बोलणं तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? मी पेडण्यात राहतो. त्या बाईला सांगितलंत का?"

सांगितलं नव्हतं. पण तिच्यापर्यंत दुसरंच पोचलं होतं. दोनच दिवसांनी तिचा निरोप आला, ताबडतोब ये.

मी गेले तेव्हा अंगणात कुणीही नव्हतं. ती आत खुर्चीवर बसली होती. गटाच्या बायका येऊन गेल्या होत्या. तुझ्या झाडाने रोग दिला, म्हणाल्या. तुला माहीत होतं म्हणून तू स्वतःच्या भावाला काडी दिली नाहीस, असंही म्हणाल्या. ते खरं होतं. सावंतवाडीच्या भावाने जानेवारीत काडी मागितली होती आणि तिने दिली नव्हती, कारण मी नको म्हटलं होतं. नंतर त्याला द्यायचं राहून गेलं होतं, एवढंच.

तिने चहा विचारला नाही. "मॅडम," ती म्हणाली. इतक्या महिन्यांत तिने मला मॅडम म्हटलं नव्हतं. "तपासूक धाडलेला, त्येचा काय झाला?"

"रोग होता."

"कधी कळला तुमका?"

"मे महिन्यात."

ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. "म्हणजे मी तुमका ब्लाऊज दाखवलेलंय, त्येच्या आदी?"

"हो."

"तेव्हा पर्शीत होता?"

"हो."

तिने दाराबाहेर झाडाकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "मगे माका कित्याक सांगलास नाय? मी काय झाड घेवन खंय पळान जातलंय?"

कॉन्ट्रॅक्ट, सरांची भीती, सही, हे सगळं तिच्यासमोर उच्चारायलाही लाज वाटत होती. मी विचारलं, आता मी काय करू. ती म्हणाली, "माका सांगलास तां सगळ्यांच्या समोर सांगा. माका म्हायत नव्हता, इतक्याच सांगा."

त्याच आठवड्यात गावाने संस्थेला बोलावलं. शाळेच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. कामत सर आधी बोलले. संस्थेने चांगल्या हेतूने काम केलं, झाड गावातल्याच बाईंनी स्वखुशीने दिलं, टेक्निकल मान्यता आमच्या ऑफिसरांनी दिली, रोग निसर्गाच्या हातात असतो. मग मी उठले. जानेवारीत काय दिसलं, फेब्रुवारीत मी कशावर सही केली, मेमध्ये रिपोर्ट आला, सगळं सांगितलं. रिपोर्ट वाचून दाखवला. प्रेमाबायला ह्यातलं काही माहीत नव्हतं, हे दोनदा सांगितलं.

मला वाटलं होतं, लोक माझ्यावर आणि सरांवर तुटून पडतील. थोडा वेळ तसं झालंही. एक माणूस उठून म्हणाला, पगार घेऊन हेच करता काय. पण मग मागून एका बाईने विचारलं, "म्हणजे रोग प्रेमाबायच्याच झाडाचो, तां नक्की?"

रिपोर्टवर झाडाचं ठिकाण लिहिलेलं होतं. सँपल पाठवताना मीच लिहिलं होतं. "हो," मी म्हणाले.

"कागदार आसा?"

"आहे."

तोवर तो गावातला नुसता संशय होता. मी त्याला कागद आणून दिला. तिला माहीत नव्हतं, हे माझं वाक्य कुणी घरी नेलं नाही. झाड तिचं, हे सगळ्यांनी नेलं. रोपांसाठी परसातली जागा गेली, वर्ष गेलं, पाणी गेलं, ह्याचा राग कुठेतरी काढायला हवा होता. संस्था डिचोलीत होती. प्रेमाबाय चार घरं सोडून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे गेले. मला सांगायचं होतं की झाड तोडायची गरज नाही. रोगट झाड वर्षानुवर्षं जगतं, फळं देतं, खत-पाणी आणि गंधकाची फवारणी सांभाळली की झालं. रोपंच काढायची आहेत, झाड नाही.

झाड आडवं पडलं होतं. तिने कोयत्याने एकटीने फांद्या उतरवल्या होत्या, खोड शेजाऱ्याकडून कापून घेतलं होतं. कापलेल्या फांद्यांतून पांढरा चीक अजून गळत होता आणि तिच्या हातांवर त्याने लाल चट्टे उठले होते. अर्धवट पिकलेली फळं तिने एका टोपलीत काढून ठेवली होती.

"तोडायची गरज नव्हती," मी म्हणाले.

"ठावक आसा," ती म्हणाली. "तुमीच सांगलेलास, पयल्याच दिवसा." मग टोपली उचलून आत गेली. त्या वर्षी तिने फळं कुणाकडे पाठवली नाहीत. पाठवली असती तर कुणी घेतली असती असंही मला वाटत नाही.

मार्चमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. कारण दिलं की प्रोजेक्ट पूर्ण झाला. संस्थेच्या वार्षिक अहवालात अंजिराला अर्धं पान होतं, हात जोडलेल्या प्रेमाबायच्या फोटोसकट. वाटलेली रोपं किती, हे त्यात होतं. उरलेली किती, असा रकानाच नव्हता. कामत सरांनी पुढच्या वर्षी ड्रॅगनफ्रूट घेतलं.

सुर्ल्यातली बहुतेक रोपं लोकांनी उपटली. मयेत काहींनी ठेवली, त्यांना दोन-चार फळं येतात. मास्तर आपल्या झाडाला गंधक मारतात, शेणखत घालतात. झाड उभं आहे. काडी ते कुणाला देत नाहीत. त्या झाडापासून स्वच्छ रोपं करता येतील असं मी एकदा लिहिलं होतं, ते आता होणार नाही.

प्रेमाबायशी माझी नंतर एकदाच भेट झाली, डिचोलीच्या बाजारात. मी पुढे होऊन हाक मारली. तिने थांबून तब्येत विचारली, कुठे असता विचारलं, आणि बस येईल म्हणून गेली. बसला अजून अर्धा तास होता.

सध्या मी फोंड्याजवळच्या एका खाजगी नर्सरीत सल्ला देते. आठवड्यातून कुणीतरी अंजिराचं पान पिशवीत घालून आणतं. मी पान उलटं करते, उन्हासमोर धरते. पूड असेल तर औषध सांगते. चट्टे असतील तर औषध सांगण्याआधी विचारते, ह्या झाडाच्या काड्या कुणाला दिल्यात का. दिल्या असतील तर माझ्या टेबलासमोर उभं राहून त्या घरी फोन करायला लावते. लोकांना ते आवडत नाही. एकदा एक गृहस्थ भांडून निघून गेले, तेव्हा त्यांच्याकडून काडी नेलेल्या मेहुण्याचा नंबर आधीच घेतला होता, तो मीच लावला. ते परत आले नाहीत. मालक म्हणतात, गिऱ्हाईक तुटतं. मी म्हणते, तुटू दे. पहिल्या दिवशीचा राग एका घरापुरता असतो.